सुंदराबाईचा हात आणि रहिमाच्या घरचा गिझर

रत्नागिरीच्या मांडवीत माझ्या शेजारी रहिमा राहते. २००१ सालच्या जानेवारीत तिला नात झाली, इकरा. सत्तावीस दिवसांची असताना न्हाणीघरात तिची पाठ भाजली. भाजली म्हणजे पंज्याएवढा लाल चट्टा उठला, डॉक्टरने मलम दिलं, चार दिवसांत चट्टा गेला. पण तेवढ्या चार दिवसांत एका बाईची तीस वर्षांची अब्रू जायची पाळी आली. ती बाई म्हणजे सुंदराबाई. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे तिचं काम. अशा बायांवर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

सुंदराबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. बारीक, काळीसावळी, मनगटं मात्र पुरुषासारखी. माहेर कोल्हापूर रस्त्यावरच्या पालीच्या पलीकडे. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. लग्न होऊन रत्नागिरीत आली. नवरा भागोजी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होता. न्हाऊ घालायचं काम ती आत्तेसासूकडून शिकली आणि सत्तरच्या सुमारास स्वतःची घरं धरली. किती मुलं न्हाऊ घातलीस, असं मी एकदा विचारलं. "मोजायला ते काय नारळ हायत, बाई?" म्हणाली.

गावातल्या दोन-तीन घरांत सुरुवातीला तिला मागल्या दाराने घेत. तिच्या पायांवर मूल चालायचं, पण पाण्याच्या हंड्याला तिचा हात लागलेला चालायचा नाही. हंड्यातलं पाणी दुसऱ्या बाईने काढून तिच्या बादलीत ओतायचं. एका घरी तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हंडा बाटतो नि पोर बाटत नाय काय?" आणि तेलाची वाटी खाली ठेवून निघून आली. त्या घरची माणसं पुढे दोनदा बोलवायला आली. ती गेली नाही. मांडवीतल्या मुसलमान घरांत ही भानगड नव्हती. तिथे ती पुढल्या दाराने जायची, चुलीपाशी बसून चहा प्यायची आणि सासवांना चार गोष्टी सुनावूनही यायची.

आता रहिमाच्या घराबद्दल. तिचा मुलगा हमझा कुवेतला. आदल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा त्याने घराच्या मागच्या अंगाला नवं बांधकाम केलं. न्हाणीघर, पलीकडे वडिलांसाठी वेगळा संडास, आणि न्हाणीघराच्या माळ्यावर मोठा गिझर. एका गिझरमधून दोन्हीकडे गरम पाणी. सगळं सामान तिकडून आणलेलं, चकचकीत. रहिमा येणाऱ्या-जाणाऱ्याला नळ सोडून दाखवायची.

पण पाणी काही धड येईना. कधी कोमट, कधी एकदम कढत, परत कोमट. मेकॅनिक येऊन थर्मोस्टॅट बदलून गेला, म्हणजे पाणी ठरावीक गरम झालं की वीज तोडणारा भाग. आठ दिवसांनी परत तेच. परत आला, आतली कॉइल काढून तिच्यावरचा पांढरा थर खरवडून गेला. परत तेच. मी एकतीस वर्षं हायस्कुलात शास्त्र शिकवलेलं, मला विचारलं तर मीही थर्मोस्टॅटच म्हणाले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर शहाणपणा सांगणारे पुष्कळ निघाले.

हमझाची बायको झरीन बाळंत झाली आणि सुंदराबाईला बोलावणं गेलं. चाळीस दिवसांचं काम. पहिल्याच दिवशी तिने बादली मागितली. रहिमा म्हणाली, "बादली नाय नि तांब्या नाय. हमझाने सांगितलाय, बादलीतल्या साठवलेल्या पाण्यात जंतू असतात. तो हातात धरायचा शावर हाय, त्याच्याखाली न्हाऊ घाल."

"भाबी, पाणी आधी एका ठिकाणी बसलां पायजे. मग त्यात कोपर घालून बघता येतं. वाहत्या पाण्याचा काय भरवसा?"

"नवीन वस्तू हाय ती. तुझ्या चुलीवरचा हंडा नाय."

सुंदराबाई दोन दिवस भांडली, तिसऱ्या दिवशी गप्प बसली. घर त्यांचं, मूल त्यांचं.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी पाटावर पाय लांब करून बसली होती. नडग्यांवर इकरा पालथी. पाणी कोमट येत होतं, म्हणून तिने थंडाचा नळ पुरता बंद करून नुसता गरमाचा सोडला होता. कोपरावर घेऊन बघितलं, ठीक होतं. पाठीवरून पाणी सोडलं आणि तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ते कढत झालं. पोर किंचाळलं. सुंदराबाईने तिला वर उचललं आणि शावर टाकून दिला.

मग काय, रहिमाने घर डोक्यावर घेतलं. "माझी पोरगी जाळलीस! हात मेलेत तुझे, कातडी जाड झालीय, तुला गरम कळतंच नाय!" कुवेतला फोन गेला. हमझाने तिकडून सांगितलं, बाईला उद्यापासून नको. तासाभरात मांडवीभर झालं, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडून पालीलाही गेलं. चार दिवसांनी पालीहून निरोप आला. तिथे रेणुका म्हणून शाळेत शिक्षिका आहे, तिचा पहिला मुलगा सुंदराबाईने न्हाऊ घातलेला, दुसरं बाळंतपण महिन्यावर आलेलं. तिच्या सासूने, गंगुबाईने, त्याच कंडक्टरकरवी कळवलं: येऊ नको, दुसरी सोय झालीय.

तो निरोप मिळाला त्या दुपारी सुंदराबाई माझ्याकडे आली. ओटीवर बसली. मी लाडू पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"बाई, माझे हात मेलेत काय?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले. खोटं बोलून समजूत काढणं मला जमत नाही.

"मग बघा." तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. डाव्या नडगीवर वीतभर फोड होता, फुटून ओला झालेला. त्या दिवशी पोराला वर उचललं, पण पाय काढता येईना म्हणून तेवढं पाणी तिने पायावर घेतलं होतं. चार दिवसांत तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनेही कोणाला दाखवलं नव्हतं. "हात मेला असता तर उचललां असता काय मी तिला इतक्या लवकर? मला कोपराला कळलां ते बरोबर होतां. पाणी नंतर बदललां. ते का बदललां, ते मला पायजे."

"मेकॅनिक दोनदा येऊन गेला."

"तो गिझरकडे बघतो. मी पाण्याकडे बघणार. उद्या सकाळी मी रहिमाभाबीकडे जाते. तुम्ही येता काय, नाय येत?"

गेले. न जाऊन सांगते कोणाला!

रहिमाने दार अडवलं. "कशाला आलीस?"

"न्हाऊ घालायला नाय आले. पोराला हात लावत नाय. न्हाणीघरात बसायला आले."

"माझ्या न्हाणीघरात? कशाला?"

"तुमच्या पाण्याने माझं नाव घालवलां. त्याला विचारायला."

"शरम नाय वाटत?"

"मला नाय वाटत. ज्याने केलांय त्याला वाटेल." असं म्हणून ती रहिमाच्या बगलेखालून आत गेली. मागून मी, प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन. रहिमा माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, तुम्हीसुदीक?" मी म्हटलं, "हो. बाजूला हो जरा."

झरीन पोर मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. ती सासूला हळूच म्हणाली, "बघू दे ना अम्मी. आम्हाला पण त्याच पाण्याने न्हायचंय." एवढं बोलली म्हणून निभावलं.

सुंदराबाईने आधी तांबडा दिवा जाऊ दिला, म्हणजे गिझरमधलं पाणी पुरतं तापलं. मग म्हणाली, "आता बटन बंद करा." केलं. तिने नुसता गरमाचा नळ सोडला आणि कोपर धरून बसली. कोमट. माझ्या थर्मामीटरवर छत्तीस. ती हलेना. पाच मिनिटं गेली असतील, रहिमा मागे जाऊन कपडे की काय बघून आली, आणि सुंदराबाईने हात झटकन मागे घेतला.

"परत घाला ते काचेचं."

मी थर्मामीटर धरला. मघाशी छत्तीस होता, आता छप्पन.

"वीज चालू हाय काय?"

"नाही."

"मग तापवलां कोणी? गिझर तर झोपलाय." ती माझ्याकडे बघत होती आणि मला माझीच लाज वाटली. वीज बंद असताना पाणी आणखी तापूच शकत नाही. म्हणजे थर्मोस्टॅटचा, कॉइलचा काही संबंधच नव्हता. आतलं पाणी आधीपासून कढतच होतं, आणि कोमट येत होतं तेव्हा त्यात कुठूनतरी थंड मिसळत होतं. एवढी साधी परीक्षा दोन महिन्यांत कोणाच्या डोक्यात आली नव्हती, माझ्याही नाही.

"तुला कसं सुचलं गं?" मी विचारलं.

"आमच्या बापाची वायंगणी शेती. उन्हाळी भात. वरच्या पऱ्ह्याचं, ओढ्याचं पाणी पाट काढून आणायचं. खालच्या कोपऱ्यात भलतां पाणी आलां तर बाप काय करायचा? वरचा पाट बांधायचा. वरचा बांधूनसुदीक पाणी येतच राहिलां तर समजायचां की बाजूच्याचा पाट आपल्यात फुटलाय. मग हातात फावडां नि तोंडात शिवी." ती उठली. "ह्या गिझरात थंड पाणी जाण्याचा कॉक कुठला?"

मी माळ्याखालचा पितळी कॉक दाखवला. तिने तो गच्च बंद केला. गिझरचं बटन आम्ही आधीच बंद केलं होतं, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चालू गिझरचं पाणी तोडून असले उद्योग करायचे नाहीत. या गिझरमध्ये खालून थंड पाणी आत शिरतं तेव्हाच वरून गरम बाहेर येतं. खालचा कॉक बंद म्हणजे गरमाच्या नळाला पाणीच यायला नको.

आणि खरोखरच, जरा वेळ थेंब थेंब गळून नळ थांबला. सुंदराबाईचा चेहरा पडला; दुसरीकडून पाणी घुसत असतं तर नळ वाहतच राहायला हवा होता. रहिमा दारातून म्हणाली, "झाला समाधान? आता जा घरी."

"जात नाय."

"काय गं ही बाय! चल ऊठ!"

"भाबी, दिवसभर बसेन. पाणी एकदा लबाडी करतं, ते परत करणार."

इतक्यात अयूबचाचा, रहिमाचा नवरा, काठी टेकत आमच्यासमोरून पलीकडच्या संडासात गेला आणि कडी लावली. जोहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजाआधी त्याचा हा नेम. दोन मिनिटांत आमच्यासमोरचा नळ खळखळून वाहायला लागला. कॉक बंद, गिझर बंद, आणि गरमाच्या नळातून थंडगार पाणी! मी थर्मामीटर धरला. सव्वीस.

सुंदराबाई उभी राहिली ती थेट संडासाच्या दाराशी. "चाचा!"

तिने दारावर थाप मारली.

"चाचा, आत तुम्ही कुठले नळ सोडलेत?"

"तोबा!" आतून आवाज आला. "कोण हाय? माणसाला इथेसुदीक सुख नाय काय?"

"मी सुंदरा. भिंतीवर दोन नळ हायत ना? एक गरमाचा नि एक थंडाचा?"

"हायत. मग?"

"दोन्ही बंद करा."

"अगं मी अजून…"

"नंतर सोडा! आत्ता बंद करा!"

रहिमा कपाळाला हात लावून उभी. झरीन तोंडावर ओढणी धरून हसत होती. आत कुईं-कुईं करून नळ फिरले आणि न्हाणीघरातलं पाणी थांबलं. ठप्प.

"सोडा!"

पाणी आलं.

"बंद करा!"

थांबलं.

"आणखी किती वेळा?" चाचा आतून ओरडला. "मी काय तुझा पंप हाय?"

चाचा बाहेर आला तेव्हा सगळा उलगडा झाला. हमझाने तिकडच्या पद्धतीने आत गरम-थंडाचा जोडनळ बसवला होता आणि त्याला लांब नळीची पिचकारी. खटका दाबला की पाणी, सोडला की बंद. चाचाची बोटं वातामुळे आखडलेली, नळ फिरवताना दुखायची. म्हणून तो दोन्ही नळ सोडूनच ठेवायचा आणि नुसता खटका वापरायचा. खटका बंद असला की पाणी बाहेर पडत नाही, पण आतल्या आत गरमाचा नि थंडाचा पाइप एकमेकांना मिळालेले. त्या वाटेने टाकीतलं थंड पाणी गरमाच्या पाइपात घुसायचं आणि न्हाणीघरात कोमट यायचं. कोणी ते दोन नळ बंद केले की शुद्ध कढत. कुवेतला राहून आलेल्या घरांतच ही चूक होणार. चुलीवर हंडा ठेवणाऱ्याला असली वाट करून ठेवायचं सुचलंही नसतं.

"पण मग ते बंद कोण करतां?" सुंदराबाईने विचारलं. "मघाशी चाचा बाहेर ओटीवर होते. पाणी तेव्हासुदीक बदललां."

झरीनने सासूकडे बघितलं.

चाचा काठीवर जोर देत म्हणाला, "ही करते. दिवसातून दहा वेळा. मी बाहेर आलो की ही आत. नळी फुटेल, नळी फुटेल. नळ बंद करते नि मला बोलते."

"फुटतेच मग! हमझाने फोनवर सांगितलाय, नळ बंद ठेवा!" रहिमा म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

सुंदराबाई तिच्या समोर गेली. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी मी पोराला पायावर घेतलां, तेव्हा चाचा नुकते बाहेर आले होते. त्यांची खाकर मी ऐकली. त्यांच्यामागून आत कोण गेलां?"

रहिमाने खाली बघितलं. झरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "अम्मी, तुम्हीच गेला होता. तिकडून येऊन तुम्ही मला नळाबद्दल सांगत होता, तेवढ्यात इकरा रडली."

मला वाटलं, आता संपलं. रहिमा वाईट बाई नाही. आत गेली आणि नवी साडी घेऊन आली. "घे सुंदरा. झाला गेला विसरून जा. उद्यापासून ये. बादली घे, तांब्या घे, काय पायजे ते घे."

"साडी ठेवा. बादली घेईन. माझी एक चूक झाली ती हीच, पहिल्या दिवशी बादलीसाठी अडून बसायला पायजे होतां. ती माझी मी मानते. आता तुमची?"

"मानली ना मी."

"इथे चार भिंतींत मानलीत. 'पोर जाळलां' ते मात्र रस्त्यावर सांगितलांत. मांडवीत सांगायचां ते सांगालच. पण पालीला गंगुबायच्या घरी तुम्ही स्वतः यायचां नि स्वतःच्या तोंडाने सांगायचां."

"फोन करते मी तिला."

"फोन नको."

"अगं, घरात बाळंतीण हाय, मी एसटीने पालीला जाऊ?"

"पोर भाजलां ते सांगायला कंडक्टर चालला. हे सांगायला तुम्हीच पायजे. नाय तर उद्या न्हाऊ घालायला दुसरी बघा. झरीनला नि पोरीला माझा राग नाय, पण मी येणार नाय."

रहिमाने माझ्याकडे बघितलं, मी मध्ये पडेन म्हणून. मी पडले नाही. चाचा म्हणाला, "जा तू. माझ्या जेवणाची काळजी नको."

दुसऱ्या दिवशी दहाच्या कोल्हापूर गाडीने आम्ही तिघी निघालो. भांडणाचा शेवट डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. रहिमा बुरख्यात खिडकीशी, मी मध्ये, सुंदराबाई कडेला. हातखंबा मागे पडला. मग रहिमा म्हणाली, "पायाला काय लावलंस?"

"खोबरेल."

"मलम हाय घरी. इकराचं उरलंय."

"द्या मग."

गंगुबाईच्या पडवीत रेणुका पाय वर घेऊन बसली होती. आम्हाला बघून दोघी सासू-सुना गडबडल्या. गंगुबाईने पाणी दिलं आणि आधीच बोलून मोकळी झाली. "सुंदरे, आता आम्ही दुसरी ठरवली गं. शब्द दिला."

"दिलात ना? मोडू नका. मी काम मागायला आले नाय. भाबी सांगतील ते ऐका. नि शेजारणींना पण बोलवा. माझं वाईट त्यांच्याकडे बोललात तुम्ही, तर हेसुदीक त्यांनी ऐकू दे."

गंगुबाईला हे आवडलं नाही. ती चुळबुळत राहिली. सुंदराबाई पडवीच्या खांबाला पाठ लावून बसली आणि बसूनच राहिली. शेवटी रेणुकाच उठली आणि तिने अंगणाच्या दगडी गडग्यावरून दोन हाका मारल्या. चार-पाच बाया जमल्या.

रहिमाने बुरख्याचा पडदा वर केला. "पोरीची पाठ लाल झाली ती सुंदराच्या हाताने नाय. पाण्यात गडबड होती. चूक झाली."

"कोणाची?" सुंदराबाई म्हणाली.

"घरातच झाली."

"घराला हात असतात काय? कोणाची?"

रहिमाचा चेहरा तांबडा झाला. एक शेजारीण हसली, तिच्याकडे सुंदराबाईने असं बघितलं की तिचं हसू तिथेच थांबलं.

"माझी," रहिमा म्हणाली. "संडासातला नळ मी बंद केला, म्हणून इकडे पाणी कढत झाला. सुंदराने पोर उचलला नि पाणी स्वतःच्या पायावर घेतला. तिचा हात चांगला हाय. मी खोटां बोलले."

सुंदराबाईने मान डोलावली. मग लुगडं जरा वर घेऊन तिने फोडाचा पाय उन्हात लांब पसरला आणि गंगुबाईला म्हणाली, "आता चहा टाका. नि परतीची गाडी किती वाजता हाय? उद्या सकाळी मला पोर न्हाऊ घालायचांय."